गोळी घेतली म्हणजे विश्वास सोडला का?

सोलापूरच्या पूर्व भागातील एका भगिनीचे दीर्घ पत्र आले आहे. ओळख पटणार नाही अशा बेताने त्याचा गोषवारा देतो. यजमान यंत्रमागावर कामाला आहेत, त्या स्वतः घरी विड्या वळतात. अकरावीतील मुलाला बाराव्या वर्षापासून फिट येतात. मात्र नियमित गोळ्यांमुळे गेले चौदा महिने एकही फिट आलेली नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडावर वस्तीत तीन रात्रींची चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा, झाली. बाहेरगावच्या उपदेशकांनी पवित्र शास्त्रातील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५३व्या अध्यायावरून सांगितले की, ख्रिस्ताने वधस्तंभावर आपल्या पापांबरोबर आपले रोगही वाहिले, म्हणून आरोग्य हा विश्वासणाऱ्याचा हक्क आहे आणि गोळी घेणे हा अविश्वास आहे. यजमानांनी भरल्या सभेत गोळ्यांचे पाकीट पुढे नेऊन ठेवले आणि मुलाने ‘मी बरा झालो’ अशी साक्ष दिली. नवव्या दिवशी, रात्रभराच्या उपास-प्रार्थनेनंतर, पहाटे मुलाला लागोपाठ दोन फिट आल्या आणि चहाचे आधण हातावर सांडून हात भाजला. सरकारी दवाखान्यात गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. उपदेशकांना फोन केला, तेव्हा ‘तुमच्या घरात कोणाचा तरी विश्वास डळमळला’ एवढेच उत्तर मिळाले. भगिनी विचारतात: आरोग्याची हमी शास्त्रात आहे की नाही? गोळ्या पुन्हा सुरू केल्या हा अविश्वास झाला का? आणि मुलगा रात्री विचारतो, ‘आई, माझाच विश्वास कमी पडला का?’, त्याला काय सांगू?

प्रिय भगिनी, सलाम.

मुलाचा प्रश्न तुम्ही सर्वांत शेवटी लिहिला आहे. मी त्यापासूनच सुरुवात करतो. नाही, त्याचा विश्वास कमी पडला नाही. आजारी माणसाचा विश्वास पुरेसा असला की त्याचे शरीर याच आयुष्यात बरे झाले पाहिजे, असे वचन ख्रिस्ताने कोणालाही दिलेले नाही. आणि जे वचन दिलेलेच नाही, ते पूर्ण झाले नाही म्हणून एका कोवळ्या मुलाला जाब विचारण्याचा अधिकार कोणत्याही उपदेशकाला नाही. हे मी आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणे सोडून दिलेला माणूस म्हणून लिहीत नाही. पाळक म्हणून सेवा करताना मी कित्येक खाटांशी गुडघे टेकले आहेत, डॉक्टरांनी आशा सोडलेली माणसे उठून बसलेली पाहिली आहेत, आणि उद्या तुमच्या घरी बोलावणे आले तर मुलाच्या डोक्यावर हात ठेवून देवाकडे आरोग्यच मागेन. देव बरे करतो की नाही, हा आपल्यातला वाद नाही. वाद ‘हमी’ या एका शब्दापुरता आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात तुमच्या घरासारखेच एक घर आहे. बाप मुलाला घेऊन आला आहे; मुलगा जमिनीवर कोसळतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, अंग ताठते, आणि हे बाळपणापासून चालले आहे असे बाप सांगतो. कित्येकदा तो विस्तवात आणि पाण्यात पडला आहे, हेही तो सांगतो. भाजलेल्या हाताला मलमपट्टी करणाऱ्या आईला हे वाक्य कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. शिष्यांनी आधी प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. आता या प्रसंगात विश्वासाची विचारणा कोणाकोणाची होते, ते पाहा. ‘अविश्वासी पिढी’ हे कठोर शब्द जमलेल्या लोकांना आणि शिष्यांना उद्देशून आहेत. ‘आम्हाला का जमले नाही?’ असे शिष्य घरात एकांतात विचारतात, तेव्हा प्रभू त्यांच्याच प्रार्थनेविषयी बोलतो. बाप तर उघडच कबूल करतो की, माझा विश्वास आहे, पण माझ्यात अविश्वासही आहे, तो तुम्हीच घालवा. इतक्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावरही त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले जात नाही. आणि मुलाला, ज्याला फिट येतात त्याला, ‘तुझा विश्वास आहे का?’ असे संपूर्ण अध्यायात कोणीही विचारत नाही. तुमच्या वस्तीत मात्र सगळे उलटे झाले. बरे करू पाहणारे निघून गेले आणि अपयशाचा बोजा मुलाच्या अंथरुणापाशी ठेवून गेले.

या ठिकाणी कोणी म्हणेल की, मार्क तर तिथे अशुद्ध आत्म्याविषयी बोलतो, मग फिट ही भूतबाधाच नव्हे काय? तुमच्या पत्रात शेजारणीचा तसा शेरा आहे, म्हणून लिहितो. त्या एका मुलाबद्दल शुभवर्तमान जे सांगते ते मी पुसून टाकत नाही. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायाच्या २४व्या वचनात प्रभूकडे आणलेल्या आजाऱ्यांची यादी आहे, आणि तीत भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे आणि पक्षाघाती वेगळे मोजले आहेत. ज्या लेखकाला हे दोन प्रकार निराळे ठेवता आले, त्याचे पुस्तक हातात धरून प्रत्येक फेफऱ्यावर भुताचा शिक्का मारणे योग्य नाही.

आता यशया. ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य प्राप्त झाले’ हे वचन आपल्या मंडळ्यांत लहान मुलांनाही पाठ असते, आणि उपदेशकांनी संपूर्ण सभा त्याच्यावर उभी केली, यात नवल नाही. त्यांचे अर्धे म्हणणे बरोबरही आहे. ख्रिस्ताच्या मरणाने आपल्या देहाचीही सुटका विकत घेतली आहे, हे मी मानतो. प्रश्न एवढाच की, ती पदरात कधी पडते. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सांगतो की, पवित्र आत्मा मिळालेले आपणही अजून कण्हत आहोत आणि आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहत आहोत. ज्याची वाट पाहायची, ते हातात आलेले नसते. उपदेशकांचा हिशेब खरा असता, तर पहिल्या शतकापासून आजपर्यंत एखादा तरी पूर्ण विश्वासाचा ख्रिस्ती माणूस म्हातारपणाने किंवा आजाराने न मरता आपल्यात वावरत असता. लाजरालासुद्धा प्रभूने कबरेतून बाहेर बोलावले आणि पुढे कधीतरी तो पुन्हा मरणच पावला असणार.

यशयाचे तेच वचन पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उतरून घेतले आहे, आणि ते कोणाला लिहिले हे सभांमधून फारसे सांगितले जात नाही. तो परिच्छेद घरकाम करणाऱ्या दासांसाठी आहे, आणि त्यांतले काहीजण कठोर धन्यांच्या हातचा मार विनाकारण खात होते. ज्यांच्या स्वतःच्या पाठीवर वळ उठलेले आहेत, त्यांना पेत्र सांगतो की, ख्रिस्ताला बसलेल्या वळांनी तुम्ही बरे झाला आहात. हे पत्र वाचून संपले तेव्हा त्या दासांच्या पाठी गुळगुळीत झाल्या नव्हत्या, आणि पेत्रालाही तसे म्हणायचे नव्हते. त्याच वचनात तो पापाला मरून नीतिमत्त्वाला जगण्याविषयी बोलतो आणि पुढच्याच वाक्यात चुकलेली मेंढरे मेंढपाळाकडे परत आल्याचे सांगतो. तुम्हाला हे वचन मुलाच्या उशाशी म्हणायचे असेल तर अवश्य म्हणा. ते त्याचेही आहे. फक्त ते फिटविरुद्धचे हमीपत्र आहे असे सांगू नका.

पौलाच्या सोबत्यांकडेही एकदा पाहावे. प्रेषितांची कृत्ये सांगतात की, इफिसात पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर घातले असता रोग दूर होत असत. त्याच इफिसचा त्रफिम पौलाबरोबर प्रवास करत असे, आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी पौल अगदी एका ओळीत लिहितो की, त्रफिम आजारी असल्यामुळे मी त्याला मिलेतात ठेवून आलो. मिलेत इफिसपासून फार लांब नाही. रुमालाने परके लोक बरे झाले आणि जिवाभावाचा सोबती आजारीच मागे ठेवावा लागला. याचे स्पष्टीकरण पौल देत नाही आणि त्रफिमाच्या विश्वासावर ठपकाही ठेवत नाही. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारींवर तो थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती उपाय सांगतो. एपफ्रदीत नावाचा सोबती मरणाच्या दारातून परत आला, तर ते देवाच्या दयेने झाले असे लिहितो. स्वतःच्या देहातील काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली, आणि काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाले. हे उत्तर ज्याला मिळाले त्याचा विश्वास कमी होता, असे तुमच्या सभेतील उपदेशकही म्हणणार नाहीत.

आपल्याकडचे एक उदाहरण देतो. सोलापूरहून रेल्वेने पुण्याकडे जाताना दौंडनंतर केडगाव लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई १८८३ साली वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या, आणि श्रवणदोषामुळे तो बेत त्यांना सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०५ साली त्याच मुक्तीमध्ये जे मोठे आध्यात्मिक जागरण झाले त्याची चर्चा जगभरच्या मंडळ्यांत झाली, शेकडो मुली आणि स्त्रिया तासन्‌तास प्रार्थनेत राहिल्या. रमाबाईंचा श्रवणदोष मात्र तसाच राहिला. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या देखत गेली, आणि १९२२ साली रमाबाई गेल्या, त्या संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करूनच. चंगाई सभेतल्या मोजपट्टीने या बाईंचा विश्वास मोजायला बसलो तर काय हाती येईल, याचा विचार त्या मोजपट्टीच्या मालकांनी करावा.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाबद्दल तुम्ही मुद्दाम विचारले आहे, आणि ते वचन सोपे नाही हे मी मान्य करतो. विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील आणि प्रभू त्याला उठवील, असे तिथे स्पष्ट आहे. याच वचनाच्या आधारे मी दुखणाइताला लावायचे तेल घेऊन घरोघर गेलो आहे. परंतु तिथे प्रार्थना मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे मंडळीची जबाबदारी वाहणाऱ्या ज्येष्ठांनी, करायची आहे. म्हणजे विश्वासाचा हिशेब लावायचाच ठरवला, तर तो आम्हा वडिलांच्या नावावर लागतो, अंथरुणावरच्या माणसाच्या नावावर नव्हे. पापांचा उल्लेख आहे, तो ‘केली असतील तर’ असा आहे. नासरेथात प्रभूने फारशी महत्कृत्ये केली नाहीत तेही अविश्वासामुळे, असे तुमच्या यजमानांना सांगितले गेले. पण नासरेथकरांनी प्रभूला झिडकारले होते, आणि तुमचा मुलगा तर त्याच्याकडे धावत गेला होता. आणि जन्मांध माणसाकडे बोट दाखवून ‘पाप कोणी केले, याने की आईबापांनी?’ असे विचारणाऱ्या शिष्यांना योहानाच्या नवव्या अध्यायात मिळालेले ‘कोणीही नाही’ हे उत्तर त्या फोनवरच्या निदानालाही लागू पडते.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, नाहीतर मी त्या उपदेशकांपेक्षा वरच्या पायरीवर उभा राहून लिहितो आहे असे वाटेल. दीक्षा घेऊन फार वर्षे झाली नव्हती तेव्हा दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका खेड्यात क्षयाने झिजलेल्या तरुणासाठी मी प्रार्थना केली, आणि उठता उठता त्याच्या आईला म्हणालो, ‘बाई, विश्वास ठेवा, हा उठणार.’ तो उठला नाही. आई पुढे उपासनेला येईनाशी झाली. दोन वर्षांनी बाजारात भेटली तेव्हा एवढेच म्हणाली, ‘देवानं शब्द दिला नव्हता, तुम्ही दिला होता.’ त्या वेळी मला उत्तर सुचले नाही आणि आजही सुचत नाही. खोटे बोलायचे असे माझ्या मनात नव्हते; त्या खोलीतली निराशा मला सहन झाली नाही, म्हणून देवाच्या नावावर मी उधारी केली. तुमच्या सभेतल्या उपदेशकांचा हेतू काय होता ते मला ठाऊक नाही, पण हमी देण्याचा मोह कसा होतो ते ठाऊक आहे.

आता गोळ्यांविषयी. ज्या यशयाचा ५३वा अध्याय सभेत वाचला गेला, त्याच यशयाच्या ३८व्या अध्यायात हिज्कीया राजा मरणोन्मुख होतो, रडून प्रार्थना करतो, आणि देव त्याला आणखी पंधरा वर्षे देण्याचे वचन देतो. ही खरीखुरी, देवाच्या तोंडची हमी होती. तरीही संदेष्टा म्हणतो की, अंजिरांचे पोटीस करून त्याच्या गळवावर बांधा. वचन मिळाल्यावरही औषध बांधणे हा हिज्कीयाचा अविश्वास ठरला नाही. पौल ज्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो त्या लूकाने एक शुभवर्तमान लिहिले. आपल्या सोलापूर-मिरज पट्ट्यातील कितीतरी ख्रिस्ती घराण्यांच्या आठवणी डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत उभ्या केलेल्या मिशन हॉस्पिटलशी जोडलेल्या आहेत, आणि तिथे शस्त्रक्रियेआधी प्रार्थना होत असे, शस्त्रक्रियेऐवजी नव्हे. (औषध हा अविश्वास आहे असे सांगणारे बहुतेक उपदेशक ते वचन चष्मा लावूनच वाचतात, हे मी कित्येक सभांत पाहिले आहे.) तेव्हा गोळ्या पुन्हा सुरू करून तुम्ही पाप केले नाही. त्या बंद करणे हे मात्र धोक्याचे होते, आणि ते पुन्हा घडू नये.

मी डॉक्टर नाही; मंडळीतील डॉक्टरांकडून जे शिकलो तेवढे सांगतो. फिट म्हणजे मेंदूतील विद्युत-संकेतांचा एकाएकी उडालेला गोंधळ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, योग्य औषध नियमित मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण फिटविना राहू शकतात; तुमच्या मुलाचे चौदा महिने त्याचीच साक्ष होते. गोळी एकदम बंद केली तर फिट परत येतात, कधी थांबता न थांबणाऱ्या येतात आणि जिवावर बेततात. जागरण हे फिट येण्याचे एक नेहमीचे कारण आहे. म्हणजे गोळ्या बंद आणि वर रात्रभर झोप नाही, अशी ती पहाट होती. तिचे कारण शोधण्यासाठी घरातल्या कोणाचा विश्वास तपासण्याची गरजच नव्हती. सलग दोन वर्षे फिट आली नाही तर डॉक्टर तपासण्या करून गोळ्या हळूहळू कमी करण्याचा विचार करतात, पण ते त्यांनी करायचे. नऊ दिवस खंड पडला होता हे त्यांना न लपवता सांगा; ते रागावतील, रागावू द्या. पुन्हा फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, कॉलर सैल करा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८ला फोन करा. उन्हाळ्यात पोरे विहिरीवर पोहायला जातात, तिथे त्याला सध्या पाठवू नका, आणि वडिलांच्या मदतीला मागापाशीही एकट्याला उभे करू नका. रात्रभराच्या प्रार्थनेला तुम्ही दोघे जा. त्याला घरी झोपू द्या, त्याची प्रार्थना देव सकाळीही ऐकतो.

साक्षीबद्दल मुलाला लाज वाटते आहे, असे तुम्ही लिहिले आहे. त्याने खोटे सांगितले नाही; मोठ्या माणसांनी माइक हातात दिला आणि काय म्हणायचे तेही सांगितले. प्रभूने कुष्ठरोग्याला बरे केल्यावर आधी याजकाकडे जाऊन स्वतःला दाखव असे सांगितले होते, कारण तपासून पाहणे हे त्या काळी याजकाचे काम होते. आमच्या मंडळ्यांनीही तोच नेम ठेवावा: डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय आजार गेल्याची साक्ष व्यासपीठावरून घेऊ नये. मी तुमच्या पाळकांशी याबद्दल बोलू का, ते कळवा; तुमचे नाव न घेता बोलता येईल.

मुलाला मार्काचा तो अध्याय स्वतः वाचू द्या. तुम्ही वाचून दाखवू नका, अर्थ सांगू नका. वाचून झाल्यावर एवढेच विचारा की, यात त्या मुलाचा विश्वास कोणी तपासला का. तो अकरावीत आहे, त्याला उत्तर सापडेल.

यजमानांविषयी तुमच्या पत्रात राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. पण दर महिन्याला गोळ्यांचे पैसे मोजणारा, मुलाचे पुढे कसे होणार या काळजीने मागाच्या खडखडाटात आठ-दहा तास उभा राहणारा बाप, कोणीतरी ‘आजपासून हे संपले’ असे ठामपणे म्हणताच पाकीट घेऊन पुढे धावला, यात त्याचे मुलावरचे प्रेमच जास्त दिसते. भाजलेला हात तेही रोज पाहत आहेत. हे उत्तर त्यांना वाचायला द्या, आणि त्यांना मला दोन शब्द सुनवायचे असतील तर त्यांनीही पत्र लिहावे. त्यांचे नाव छापले जाणार नाही.

प्रभूच्या सेवेतील,
आपला पाळकबाबा